बाकी पुन्हा एक

लंडनच्या हेन्री गुडविनचा धंदा बिअर गाळण्याचा. १८१६ साली त्याने पदरमोड करून एक पुस्तक छापलं आणि आवड असलेल्या मोजक्या लोकांत वाटलं. त्या पुस्तकात प्रमेयं नव्हती, व्यापाराचा सल्लाही नव्हता. पानामागून पान आकडे होते: एकाला दोनाने भागलं तर दशांशात काय येतं, तिनाने भागलं तर काय, चाराने, पाचाने, सहाने. १८२३ मध्ये त्याने याच कामाची आणखी दोन पुस्तकं काढली. त्यातल्या एकात १०२४ पर्यंतच्या छेदांचे फिरून फिरून येणारे अंक ओळीने मांडले होते. यंत्राची मदत नाही. कागद, शाई आणि भागाकार.

असं करणारा गुडविन एकटा नव्हता. त्याच्या आधी बर्लिनमध्ये आणि ब्रुन्सविकमध्ये, नंतर फ्रान्समधल्या नांतमध्ये, इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातल्या एका निवासी शाळेत आणि पुढे नाशिकजवळच्या देवळालीत अशी माणसं होऊन गेली, ज्यांनी एकाला निरनिराळ्या संख्यांनी भागत राहण्यात बराच वेळ घातला. त्यातले बरेचसे विद्यापीठाच्या बाहेरचे. गणिताच्या इतिहासात त्यांची नावं बहुतेक वेळा तळटिपेत सापडतात. त्यांच्या तक्त्यांतून जे निघालं ते मात्र तळटिपेत मावण्यासारखं नाही.

या वेडाचं मूळ समजून घ्यायला सातने भागून पाहावं. एकाला सातने भाग जात नाही, म्हणून शून्य आणि दशांशचिन्ह. पुढे शून्य घेऊन दहा करायचे. सात एके सात, बाकी तीन. तिनावर शून्य, तीस: सात चोक अठ्ठावीस, बाकी दोन. वीस: सात दुणे चौदा, बाकी सहा. साठ: सात अठ्ठे छप्पन्न, बाकी चार. चाळीस: सात पंचे पस्तीस, बाकी पाच. पन्नास: सात सत्ते एकोणपन्नास, बाकी एक. इथे हात थांबतो. भागाकार सुरू केला तो एकापासून आणि बाकी पुन्हा एकच आली. आता पुढचं सगळं आधीच लिहून झालेलं आहे. १, ४, २, ८, ५, ७ हे सहा अंक याच क्रमाने कायम येत राहणार.

अंकांपेक्षा बाक्यांकडे पाहिलं की कारण उघड होतं. सातने भागताना बाकी एक ते सहा यांपैकीच असू शकते. सहा बाक्या येऊन गेल्या की सातव्या वेळी जुन्यांपैकीच एखादी परतणार. इथे तर सहाही बाक्या एकेकदा हजेरी लावून जातात: १, ३, २, ६, ४, ५. त्यामुळे २/७ साठी वेगळा भागाकार मांडावाच लागत नाही. जिथे बाकी दोन होती तिथून वाचायला लागायचं: २८५७१४. जिथे तीन होती तिथून वाचलं की ३/७ मिळतं: ४२८५७१. १४२८५७ ला दोनापासून सहापर्यंत कशानेही गुणलं तरी तेच सहा अंक, तोच क्रम, फक्त सुरुवात निराळी. आणि सातने गुणलं की ९९९९९९.

जुन्या मराठी शाळेत हा फेरा मुलांना सहसा भेटत नसे. पंतोजी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकून घेत. पाव, निम्मा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन यांच्या छेदात दोन किंवा चार, याहून वेगळं काही नाही. रुपयाचे आणे सोळा, पैसे चौसष्ट. तेही दोनाला दोनानेच गुणत गेल्यावर मिळणारे. असे छेद दशांशात आणले की भागाकार कुठेतरी संपतोच. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली तेव्हा एका आण्याचे ६.२५ नवे पैसे झाले. हिशेबाला त्रासदायक खरे, पण ते सव्वासहावर थांबत होते. पैची गोष्ट निराळी. जुन्या रुपयाच्या पया १९२, आणि १९२ मध्ये एक तीन दडलेला आहे. म्हणून एका पैचे नवे पैसे काढायला बसलं की ०.५२०८३३३ असं करत तिनांची रांग लागते आणि ती संपत नाही. दहाचे मूळ अवयव दोन आणि पाच एवढेच. अतिसंक्षिप्त रूपातल्या अपूर्णांकाच्या छेदात त्यांच्याखेरीज तिसरं कोणी आलं की दशांश रूप फिरायला लागतं.

हा नियम इंग्लंडमध्ये जॉन वॉलिसने १६८५ च्या आपल्या बीजगणितावरच्या ग्रंथात मांडला. दशांश अपूर्णांक तेव्हा युरोपात तसे नवेच होते. समरकंदला अल-काशीने ते १४२७ मध्ये पद्धतशीर वापरले होते. युरोपातल्या व्यापाऱ्यांच्या आणि मोजणीदारांच्या हाती ते दिले सायमन स्टेविनच्या १५८५ च्या छोट्या पुस्तिकेने. नवं साधन हाती आल्यावर त्याचा अंत कुठे लागतो हे पाहण्याची इच्छा माणसाला होणारच. वॉलिसच्या पाहणीत ती दिसते.

अठराव्या शतकात बर्लिनच्या अकादमीत योहान लांबर्ट आणि गणितींच्या प्रसिद्ध घराण्यातला तिसरा योहान बर्नुली यांनी या फिरत्या अंकांना कामाला लावलं. प्रश्न होता मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याचा. एखाद्या मूळ संख्येच्या व्यस्ताचं आवर्तन, म्हणजे एकाला तिने भागल्यावर फिरत राहणारा अंकांचा गट, सहा अंकी असेल, तर सहा नऊ लिहून होणाऱ्या संख्येला तिने निःशेष भाग जातो. ९९९९९९ चे अवयव ३×३×३×७×११×१३×३७ असे आहेत. त्यातल्या ७ आणि १३ यांची आवर्तनं सहा अंकी निघतात; ११ चं दोनातच पुरं होतं (०९), आणि ३७ चं तिनात. २७ गुणिले ३७ बरोबर ९९९, म्हणून १/२७ चे अंक ०३७ आणि १/३७ चे ०२७. दोघांनी एकमेकांची नावं धारण केल्यासारखे ते दिसतात. असे तक्ते जितके लांब, तितके अवयव अधिक सापडत. लांबर्टने एक पाऊल पुढे जाऊन सांगितलं, की छेदापेक्षा एकाने कमी इतक्या अंकांचं आवर्तन मिळालं तर तो छेद मूळ संख्याच असला पाहिजे. भागाकार करून मूळ संख्या ओळखण्याची ही युक्ती.

हे वातावरण ब्रुन्सविकच्या तरुण कार्ल फ्रीडरिश गाउसच्या वाट्याला आलं. त्याने हजाराच्या आतल्या छेदांसाठी दशांशांचा प्रचंड तक्ता हाताने तयार केला. तो त्याच्या मृत्यूनंतर समग्र लेखनात छापला गेला. १८०१ मध्ये लाइपझिगला निघालेल्या त्याच्या संख्या सिद्धान्तावरच्या ग्रंथात आवर्ती दशांशांना स्वतंत्र जागा आहे आणि शेवटी शंभराच्या आतल्या मूळ संख्यांचा व त्यांच्या घातांचा तक्ता जोडलेला आहे. आज विद्यार्थी आधी बाक्यांचं गणित शिकतो आणि मग त्याचं उदाहरण म्हणून आवर्ती दशांश पाहतो. इतिहासातला क्रम बराचसा उलटा आहे. आधी भागाकारांनी भरलेल्या वह्या होत्या. आवर्तन इतकंच लांब का, अमुक छेदाचं आवर्तन एकच का आणि तेराची दोन का, हे प्रश्न त्या वह्यांनी विचारले, आणि त्यांची उत्तरं देताना बाक्यांचा सिद्धान्त घडत गेला.

तेराची दोन म्हणजे कशी? १/१३ पासून ०७६९२३ हा फेरा मिळतो आणि २/१३ पासून १५३८४६ हा दुसरा. बारा बाक्या सहा-सहांच्या दोन गटांत वाटल्या जातात आणि एका गटातली बाकी दुसऱ्यात कधी जात नाही. ही वाटणी नेहमी समसमान होते. म्हणून मूळ छेदातून एक वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येला आवर्तनाच्या लांबीने भाग जातोच जातो.

गुडविनच्या तक्त्याकडे परतलं पाहिजे, कारण त्याच्या पुस्तकाने एका परक्याचं लक्ष वेधलं. जॉन फेरी हा भूगर्भतज्ज्ञ. गुडविनने अपूर्णांक चढत्या क्रमाने मांडले होते. ते चाळताना फेरीला दिसलं, की ओळीने आलेल्या कोणत्याही तिघांपैकी मधला अपूर्णांक दोन्ही शेजाऱ्यांच्या अंशांची बेरीज वर आणि छेदांची बेरीज खाली लिहून मिळतो. छेद पाचापर्यंत ठेवून एक तृतीयांश आणि एक द्वितीयांश घ्या: वर एक अधिक एक दोन, खाली तीन अधिक दोन पाच, आणि दोन पंचमांश खरोखरच त्यांच्यामध्ये बसलेला असतो. शाळेत असं मिळवणाऱ्या मुलाची बेरीज चूक ठरते; इथे तीच चूक नियम होऊन येते. फेरीने १८१६ मध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’ला तसं पत्र लिहिलं, सिद्धता त्याच्याकडे नव्हती. पत्राची बातमी पॅरिसला पोचली आणि गणिती कोशीने त्याच वर्षी सिद्धता दिली. फ्रान्समध्ये आरोने १८०२ मध्येच हा गुण मांडला होता, पण नाव चिकटलं ते फेरीचं. पुढे शंभर वर्षांनी, १९१८ मध्ये, हार्डी आणि श्रीनिवास रामानुजन यांनी एखादी संख्या किती प्रकारे बेरजेत फोडता येते याचं जे विख्यात सूत्र दिलं, त्याच्या सिद्धतेत वर्तुळाचे तुकडे पाडताना याच फेरी क्रमाचा उपयोग झाला. बिअरवाल्याच्या पुस्तकापासून रामानुजनांच्या निबंधापर्यंतची ही वाट एवढी सरळ आहे की ती गणिताच्या प्रत्येक वर्गात सांगितली गेली पाहिजे.

१८७८ मध्ये केंब्रिजच्या ग्लेशरने आवर्ती दशांशांवर निबंध लिहिला तो मुद्दाम गुडविनच्या तक्त्यांना समोर ठेवून. तोवर गुडविनची पुस्तकं दुर्मीळ झाली होती.

नांतच्या एतिएन मिदीचं पुस्तक तर त्याहून लहान आणि त्याहून अधिक विस्मरणात गेलेलं. १८३६ मध्ये निघालेल्या त्या पुस्तिकेतला एक नियम आज मिदीचं प्रमेय म्हणून ओळखला जातो. छेद मूळ संख्या असेल आणि आवर्तनातल्या अंकांची संख्या सम असेल, तर आवर्तन मधोमध कापून दोन्ही तुकडे मिळवावेत: नुसते नऊच येतात. १४२ अधिक ८५७ बरोबर ९९९. तेराचं पाहावं तर ०७६ अधिक ९२३, पुन्हा ९९९. सतराचं आवर्तन सोळा अंकी, ०५८८२३५२९४११७६४७. त्याचे ०५८८२३५२ आणि ९४११७६४७ हे तुकडे मिळवले की आठ नऊ. मुलांना हे करून दाखवलं की ती दुसऱ्या मिनिटाला स्वतः कापाकापी सुरू करतात. मिदीनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी येल विद्यापीठातल्या ब्रायन गिन्सबर्ग या विद्यार्थ्याने तेच केलं. त्याने आवर्तनाचे दोनाऐवजी तीन तुकडे पाडले. १४ अधिक २८ अधिक ५७ बरोबर ९९. ०७ अधिक ६९ अधिक २३, तेही ९९. त्याची सिद्धता २००४ मध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयीन गणिताच्या नियतकालिकात छापून आली.

विल्यम शँक्सचं नाव ‘पाय’ या संख्येमुळे लोकांना ठाऊक आहे. डरहॅम परगण्यातल्या हॉटन-ल-स्प्रिंग इथे त्याची निवासी शाळा होती. १८७३ मध्ये त्याने पायची किंमत दशांशानंतर ७०७ स्थळांपर्यंत काढून छापली. विसाव्या शतकात, १९४०च्या दशकात, डी. एफ. फर्ग्युसनने तिची तपासणी केली तेव्हा ५२८ व्या स्थळापासून पुढे चूक निघाली. एवढंच सांगून शँक्सची गोष्ट संपवली जाते, आणि हा त्याच्यावर अन्याय आहे. १८७४ मध्ये रॉयल सोसायटीच्या कामकाजात त्याचा आणखी एक तक्ता आला: वीस हजारांच्या आतल्या प्रत्येक मूळ संख्येच्या व्यस्ताचं आवर्तन किती अंकी आहे. अशा मूळ संख्या २२६२ आहेत. पाठोपाठ त्याने तीस हजारांपर्यंत मजल मारली आणि पुढेही तो मोजतच राहिला. प्रत्येक आवर्तनाचे सगळे अंक लिहीत बसण्याचं कारण नव्हतं. दहाचे घात घेत बाकी एक कधी येते एवढं पाहायचं. तरीही हे काम किती मोठं होतं याचा अंदाज करायचा असेल तर एखादी चार अंकी मूळ संख्या घेऊन एक संध्याकाळ प्रयत्न करून पाहावा.

अशा तक्त्यांतूनच ४८७ ही विलक्षण संख्या एकोणिसाव्या शतकात पुढे आली. सातचं आवर्तन सहा अंकी, तर सातच्या वर्गाचं, ४९ चं, सहा साती बेचाळीस अंकी. साधारणपणे असंच घडतं: वर्ग केला की आवर्तन त्या संख्येच्या पटीने लांबतं. ४८७ चं आवर्तन ४८६ अंकी आहे, म्हणजे जितकं लांब होऊ शकतं तितकं. तिचा वर्ग २३७१६९. त्याचंही आवर्तन ४८६ अंकीच. लांबी जराही वाढत नाही. तिनाच्या बाबतीतही हे होतं, कारण १/३ आणि १/९ दोन्हींत एकच अंक फिरतो. ४८७ नंतरची अशी मूळ संख्या थेट ५६५९८३१३.

सातसारखी, म्हणजे सगळ्या बाक्या एकाच फेऱ्यात संपवणाऱ्या मूळ संख्या किती? शंभराच्या आत नऊ आहेत: ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१ आणि ९७. हजाराच्या आत १६८ मूळ संख्यांपैकी ६०. दहा हजारांच्या आत १२२९ पैकी ४६७. प्रमाण छत्तीस ते अडतीस टक्क्यांच्या आसपास घुटमळतं. १९२७ मध्ये एमिल आर्टिन यांनी अंदाज मांडला, की हे प्रमाण शेवटी सुमारे ३७.४ टक्क्यांवर स्थिरावतं आणि अशा मूळ संख्या कधीच संपत नाहीत. क्रिस्टोफर हूली यांनी १९६७ मध्ये तो सिद्ध केला, पण रीमान गृहीतकाचं व्यापक रूप खरं मानून. १९८४ मध्ये राजीव गुप्ता आणि राम मूर्ती यांनी कोणत्याही गृहीतकाशिवाय मोठी मजल मारली, आणि १९८६ मध्ये रॉजर हीथ-ब्राउन यांनी दाखवलं, की दहाच्या जागी २, ३ किंवा ५ हा संख्यालेखनाचा पाया घेतला, तर या तिघांपैकी निदान एकासाठी तरी आर्टिन म्हणतात तशा मूळ संख्या अनंत आहेत. कोणत्या एकासाठी, हे त्या सिद्धतेतून कळत नाही. आणि आपल्या रोजच्या दहासाठी तर प्रश्न अजून उघडाच आहे. सातसारख्या संख्या अनंत आहेत की नाहीत हे आज कोणालाही खात्रीने सांगता येत नाही.

विसाव्या शतकात हा छंद अनपेक्षित ठिकाणी डोकावला. दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामॉसला अणुबॉम्बच्या कामावर असताना रिचर्ड फाइनमन गणनयंत्राशी खेळत होते. १ ला २४३ ने भागलं तर ०.००४११५२२६३३७४४८५५९ असे अंक येतात: ४११, ५२२, ६३३, ७४४, मग ८५५, आणि हातचे चढल्याने पुढे विस्कटतात. त्यांनी हौसेने हे पत्रात लिहिलं. पत्रं तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी ते सांकेतिक भाषा समजून परत पाठवलं. फाइनमन यांनी उत्तर दिलं, की २४३ या संख्येत जेवढी माहिती आहे त्याहून जास्त या सगळ्या अंकांत नाही. कोणीही भागून पाहावं.

याच धर्तीचं एक कोडं आजही गणितींच्या जेवणाच्या टेबलावर फिरतं: अशी संख्या सांगा जिचा शेवटचा अंक उचलून सुरुवातीला ठेवला की ती दुप्पट होते. भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांच्यापुढे ते आलं तेव्हा क्षणभर थांबून ते म्हणाले, की अशी सर्वांत लहान संख्या अठरा अंकी आहे. ती १०५२६३१५७८९४७३६८४२. शेवटचा दोन पुढे आणा, २१०५२६३१५७८९४७३६८४ मिळते, आणि ती बरोबर दुप्पट आहे. हे अठरा अंक म्हणजे २/१९ चं आवर्तन.

भारतात १/१९ घरोघरी पोचला तो पुरीच्या गोवर्धन मठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांच्या पुस्तकामुळे. ‘वैदिक गणित’ या नावाचं ते पुस्तक त्यांच्या निधनानंतर, १९६५ मध्ये निघालं, आणि त्यात पहिल्याच उदाहरणांत हा अपूर्णांक आहे. कृती सुरेख आहे. उजवीकडून सुरुवात करायची, शेवटचा अंक एक. डावीकडे सरकताना दरवेळी दुप्पट करायची: दोन, चार, आठ. आठ दुणे सोळा, सहा लिहून हातचा एक. सहा दुणे बारा आणि एक तेरा, तीन लिहून हातचा एक. तीन दुणे सहा आणि एक सात. असं करत गेलं की अठरा पावलांत ०५२६३१५७८९४७३६८४२१ पूर्ण होतं. कारणही सोपं आहे: दोन दाहे वीस, आणि विसाला एकोणीसने भागलं तर बाकी एक. भागाकारात पुढे जाताना बाकीला दहाने गुणतात. ते पाऊल मागे घ्यायचं तर दोनाने गुणलं की झालं. पुस्तकाच्या नावातल्या ‘वैदिक’ला मात्र आधार नाही. त्यातली सूत्रं वैदिक वाङ्मयात सापडत नाहीत, हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले गणिती श्रीकृष्ण दाणी यांनी स्पष्टपणे आणि वारंवार लिहिलं आहे. युक्ती चांगली आहे आणि बाक्यांच्या गणितावर पक्की उभी आहे. तिला प्राचीनतेचं प्रमाणपत्र लागत नाही, आणि खोटं प्रमाणपत्र लावल्याने नुकसान तिचंच होतं.

या सगळ्या परंपरेत महाराष्ट्राचं सर्वांत मोठं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचं. जन्म १९०५ चा, डहाणूचा, शाळा ठाण्याची, पदवी १९२९ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून. त्याआधी, १९२७ मध्ये, त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं होतं. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीला शाळेत शिकवत होते. त्यांचं नाव जगभर गेलं ते ६१७४ मुळे. कोणतेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. चढत्या क्रमाची संख्या उतरत्या क्रमाच्या संख्येतून वजा करा, आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतात आणि मग हलत नाहीत. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडलं.

आवर्ती दशांशांवरची त्यांची पुस्तिका पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, देवळालीहून निघाली. प्रकाशक ते स्वतःच. ३ पासून १६१ पर्यंतच्या छेदांचे फेरे आणि काही निवडक पुढचे. गुडविनने केलं तेच हे काम, सव्वाशे वर्षांनी, शाळामास्तरच्या पगारात. ‘डेम्लो संख्या’ हा त्यांचा आणखी एक शोध. मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या ज्या रेल्वे स्टेशनवर ही कल्पना सुचली त्याचंच नाव त्यांनी संख्यांना दिलं. नऊ वेळा एक लिहून वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ मिळतो, हा त्यातला सर्वांत देखणा नमुना. तोच धागा दशांशात १/८१ मध्ये सापडतो, कारण १/९ म्हणजे ०.१११ आणि त्याचा वर्ग १/८१. त्याचे अंक ०१२३४५६७९ असे फिरतात, आठ गळतो. खरं तर आठनंतर नऊ आणि मग दहा येतो, पण दहाचा हातचा नवावर चढून त्याचाही दहा होतो, तो हातचा आठावर चढतो आणि आठाचा नऊ होतो. १२३४५६७९ ला ६३ ने गुणून नऊ साती मिळवण्याचा खेळ मुलं खेळतात, त्याचं मूळ हेच.

कापरेकरांचे लेख न्यूयॉर्कच्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’त छापून येत होते. देशातल्या अनेक प्राध्यापकांना मात्र त्यांचं काम पोरखेळ वाटे. परिषदांना ते पदरचे पैसे घालून जात. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. पोरखेळ हा शेरा गुडविनला, फेरीला, शँक्सला लागू करता आला असता, आणि तो किती आखूड नजरेचा ठरला असता हे वर आलंच आहे.

त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्याही या गोष्टीत येतात. ४५ चा वर्ग २०२५. तो कापून २० आणि २५ मिळवले की पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. आता सातकडे वळावं. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. शेवटचे सहा अंक वेगळे काढून २०४०८ मध्ये १२२४४९ मिळवले तर १४२८५७ परत मिळतात. यामागे पुन्हा नऊच आहेत. १४२८५७ मधून एक वजा केल्यावर १४२८५६ उरतात, त्यांना सातने भाग जातो आणि उत्तर २०४०८ येतं. म्हणजे १४२८५७ आणि १४२८५६ यांचा गुणाकार ९९९९९९ च्या २०४०८ पट आहे. एवढं लक्षात आलं की वर्गाचे तुकडे असे का पडतात ते कागदावर दोन ओळींत सुटतं. २००० मध्ये डग्लस इयानुची यांनी दाखवलं, की सगळ्या कापरेकर संख्या ९, ९९, ९९९ अशा संख्यांच्या विशिष्ट विभाजकांतून मिळतात. ज्या नवांच्या रांगा आवर्तनाची लांबी ठरवतात, त्याच या. आणि १४२८५७ ला जोडीदारही आहे. दहा लाखांतून ती वजा केली की ८५७१४३ उरतात. तिचा वर्ग ७३४६९४१२२४४९, आणि ७३४६९४ मध्ये १२२४४९ मिळवले की ८५७१४३.